आबांचा खिळा आणि अमेरिकेचे 40 हजार कोटी

गेल्या आठवड्यात आबांच्या टाचेत गंजका खिळा घुसला. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, त्यांनाच आठवेना. दवाखान्याचं नाव काढताच पाय गोधडीत ओढला आणि मोबाइल माझ्या नाकापुढे धरला: "अमेरिकन सरकारची कबुली! इंजेक्शनमुळे नसा निकामी, गुप्त कोर्टातून 40 हजार कोटी वाटले. कंपनीवर खटला चालत नाही. भारतीयांनीही दावा करा, नोंदणी फक्त 999." खाली हात वर न होणाऱ्या बाईचा फोटो.

रक्कम साधारण खरी आहे. अमेरिकेत लशीच्या इजेसाठी सरकारी भरपाई योजना आहे, तिच्यातून 1988 पासून 5 अब्ज डॉलरच्या वर गेलेत. सरसकट कबुली मात्र नाही. भरपाई मिळालेले सुमारे 60 टक्के दावे तडजोडीत मिटले, आणि लशीनेच इजा झाली असा निष्कर्ष त्यात आम्ही काढलेला नाही, हे तिथलं आरोग्य खातं स्वतःच लिहून ठेवतं. माणसाने वर्षानुवर्षं कोर्टात चपला झिजवू नयेत म्हणून 1986 साली या योजनेचा कायदा केला. लशीवरच्या करातून निधी उभा राहतो. एक तक्ता आहे: लस, त्रास आणि दिवस त्याच्याशी जुळले की दोष लशीचा धरून चालतात, दुसरं कारण असेल तर ते सरकारने दाखवायचं. संशयाचा फायदा रुग्णाला, एवढंच. तरीही भरपाई मिळते ती दर 10 लाख डोसमागे साधारण एकाला.

आता तो फोटो. खांद्याची इजा 2017 पासून तक्त्यात आहे. सुई दंडाऐवजी फार वर टोचली की सांध्याजवळच्या भागाला दुखापत होते. चूक टोचणाऱ्याच्या हाताची. आणि ही मज्जातंतूंची इजा नव्हे, असं तक्त्यातल्या व्याख्येतच छापलंय! नसांच्या नावाने बोंब मारायला फोटोही धड सापडला नाही यांना.

बरं, एक मान्य करतो, नाइलाजाने. धनुर्वाताच्या लशीपुढे तक्त्यात खांद्या-दंडाच्या नसांचा दाह खरंच आहे, 2 ते 28 दिवसांत सुरू झाला तर. फ्लूच्या लशीपुढे जीबीएस (गिलेन-बारे सिंड्रोम, शरीराची प्रतिकारशक्ती नसांवरच उलटते तो आजार) आहे. दोन्ही दुर्मिळ. (2025 च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा बोट दूषित पाण्याकडे होतं.)

गुप्त कोर्ट? निकाल वेबसाइटवर पडलेत. कंपनीवर थेट खटला अवघड, हे बरोबर. 2011 च्या तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने वाट आणखी अरुंद केली. पण 999 कशाचे? मोजके अपवाद सोडले तर लस अमेरिकेत घेतलेली लागते, आणि वकिलाची वाजवी फीसुद्धा निधीतूनच मिळते. आबांना टोचणार होते तालुक्याच्या गावी.

चिडायचंच तर आपल्याकडे चिडा. कोविड लशीच्या भरपाईचा विषय निघाला तेव्हा, नोव्हेंबर 2022 मध्ये, केंद्राने आपल्या सुप्रीम कोर्टात सांगितलं: दिवाणी कोर्टात जा.

हे सगळं वाचून दाखवल्यावर आबा निघाले. बाही वर करताना नर्सला म्हणाले, "बाई, फार वर टोचू नका."