म्हणे, एक्सेप्शन गिळा आणि पुढे चला!

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या इंटरव्ह्यूच्या टिपांचा एक फॉरवर्ड फिरतोय. भाचीने त्यातली एक टीप थेट कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये चिकटवली, म्हणून हे लिहिणं आलं. विषय असा: लिस्टवर लूप फिरत असताना त्यातलाच आयटम काढला की कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन येतं, म्हणजे चालू काम मध्येच तोडणारा एरर.

फॉरवर्ड म्हणतो, हे थ्रेडमुळे (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांमुळे) होतं, सिंक्रोनाइज्ड लावा, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड आत जाईल असं कुलूप. दोन थ्रेडमुळेही होतं, कबूल. पण इथे थ्रेड एकच आहे आणि स्वतःच लावलेलं कुलूप त्याला स्वतःला अडवत नाही. फॉर-ईच, म्हणजे एकेक आयटम घेत फिरणारा लूप; त्याच्या मागे पुढचा आयटम हातात देणारा इटरेटर असतो. लिस्टमध्ये आतापर्यंत किती बदल झाले, तो आकडा इटरेटर सुरुवातीलाच टिपून ठेवतो आणि पुढचा आयटम देताना पडताळतो. जुळला नाही की एक्सेप्शन.

दुसरी टीप म्हणजे कहर: ‘ट्राय-कॅचमध्ये टाका, कॅच रिकामा ठेवा.’ म्हणजे एक्सेप्शन पकडायचं आणि काहीच करायचं नाही. अहो, रद्द झालेल्या ऑर्डरी काढताय ना? पहिली निघाली, लूप तिथेच मेला, बाकीच्या रद्द ऑर्डरी जशाच्या तशा लिस्टमध्ये. आणि लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींमध्ये, एक अक्षर नाही. हीच टीप भाचीने वापरली होती.

‘एरर आला नाही म्हणजे कोड बरोबर’ हेही त्यात आहेच. अ, ब, क अशी अ‍ॅरेलिस्ट घ्या आणि फॉर-ईचमध्ये ब काढा. काही एरर येत नाही! ब काढल्यावर लिस्टची साइज २, आणि इटरेटरनेही २ आयटम देऊन झालेले. त्याला वाटतं लिस्ट संपली. क तपासलाच जात नाही. ब ऐवजी अ किंवा क काढून बघा, लगेच एक्सेप्शन. जावाच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय की या एक्सेप्शनची हमी नाही, ते फक्त बग सापडावेत म्हणून आहे, त्याच्या भरवशावर प्रोग्रॅम लिहू नका. ते पान वाचायला पाच मिनिटं लागतात, पण फॉरवर्ड करायला पाच सेकंद.

इंडेक्सने (आयटमच्या क्रमांकाने) शेवटून सुरुवातीकडे उलटं फिरून काढा, ही टीप अ‍ॅरेलिस्टसाठी चालते, मान्य. लिंक्डलिस्टवर (साखळीसारखी एकमेकांना जोडलेली लिस्ट) मात्र क्रमांकाने आयटम मागणाऱ्या प्रत्येक गेटला नोडमागून नोड, म्हणजे कडीमागून कडी, चालत जावं लागतं, म्हणून ते मंद पडतं.

‘सगळीकडे कॉपीऑनराइटअ‍ॅरेलिस्ट वापरा’? प्रत्येक बदलाला पूर्ण अ‍ॅरेची नवी कॉपी होते. वाचन भरपूर आणि बदल क्वचित, अशा ठिकाणी ठीक.

यातलं काहीच करायची गरज नाही. इटरेटर उघडपणे घ्या आणि त्याचंच रिमूव्ह वापरा. नाहीतर दिलेल्या अटीत बसणारे आयटम काढणारं रिमूव्हइफ आहेच, एका ओळीत काम होतं. ते जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे.