‘व्हीव्हीएस’च्या खालचा प्रत्येक हिरा डागी नसतो

लग्नसराई जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक संदेश हमखास फिरू लागतो. हिरा घ्यायचा तर ‘व्हीव्हीएस’ श्रेणीचाच घ्यावा, त्याखालचा हिरा डागी असतो आणि त्याला चमक नसते, ‘एसआय’ हिरा चार-पाच वर्षांत काळा पडतो किंवा तडकतो, डागी हिरा घराला अशुभ ठरतो, व्हीव्हीएसमध्ये घातलेला पैसा मात्र सोन्यासारखा परत मिळतो, आणि दागिन्यावर हॉलमार्क असला की हिऱ्याची चिंता नाही, असे त्यात ठासून सांगितलेले असते. बेळगावच्या शहापुरातील आमच्या सराफी पेढीवर येणारी कितीतरी कुटुंबे हा संदेश मोबाइलवर उघडून माझ्यापुढे धरतात. मुलीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे साठवलेली रक्कम अशा अर्धवट माहितीवर खर्च होताना पाहणे मला सहन होत नाही, म्हणून त्यातील एकेक विधान येथे तपासून पाहतो.

त्याआधी श्रेणी म्हणजे काय, ते स्पष्ट व्हायला हवे. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे जीआयए, या संस्थेने १९५० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत शुद्धतेच्या ११ पायऱ्या आहेत. सर्वांत वर फ्लॉलेस (निर्दोष) आणि इंटर्नली फ्लॉलेस (आतून निर्दोष), त्याखाली व्हीव्हीएस (अत्यंत सूक्ष्म खुणा), व्हीएस (सूक्ष्म खुणा) आणि एसआय (किंचित खुणा) यांच्या प्रत्येकी दोन, आणि शेवटी आय १ ते आय ३ (ठळक खुणा). या पायऱ्या दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरतात, नुसत्या डोळ्यांनी नव्हे. व्हीव्हीएसमधील खूण, म्हणजे आतला स्फटिक किंवा भेग, त्या भिंगातूनही तज्ज्ञाला मोठ्या प्रयासाने सापडते, एसआयमधील खूण त्या भिंगातून लक्षात येते, आणि आय श्रेणीतील खूण बहुधा भिंगाविनाही दिसते. संदेश लिहिणाऱ्याने भिंगातले दिसणे आणि बोटात घातल्यावरचे दिसणे यांत फरकच केलेला नाही, आणि त्याची बहुतेक विधाने या एका चुकीवर उभी आहेत.

चमक कमी असते, हे पहिले विधान घेऊ. हिऱ्यात वरून शिरलेला प्रकाश खालच्या तिरक्या पैलूंवर आपटून पुन्हा वर परततो, त्याला आपण चमक म्हणतो. तो परतेल की तळातून निसटून जाईल, हे मुख्यतः पैलूंच्या कोनांवर, म्हणजे कटवर, ठरते. मार्सेल टॉल्कॉव्स्की यांनी १९१९ साली गोल हिऱ्यासाठी गणिताने काढलेला खालच्या पैलूंचा कोन ४०.७५ अंश आहे, आणि आजचे उत्तम कटही त्याच्याच आसपास असतात. तळ फार उथळ किंवा फार खोल घासला, तर इंटर्नली फ्लॉलेस हिराही मधोमध काचेसारखा पोकळ किंवा काळपट दिसतो. उलट, कडेला असलेला धुळीच्या कणाएवढा स्फटिक प्रकाशाची वाट अडवू शकत नाही.

गेल्या आषाढात खानापूर तालुक्यातून एक मायलेकी कुड्यांसाठी हिरे पाहायला आल्या होत्या. संदेश वाचूनच आल्या असल्याने व्हीव्हीएसशिवाय काही दाखवू नका, असे त्यांनी बसता बसताच सांगितले. मी ३० सेंटचे (१०० सेंट म्हणजे एक कॅरेट वजन), एकाच रंगाचे दोन हिरे काढले, श्रेणी सांगितल्या नाहीत, आणि त्यांना दुकानाच्या पायरीवर घेऊन गेलो, कारण आतल्या दिव्यांच्या झोतात काचही चमकते. बाहेर ढगाळ, मऊ उजेड होता. पांढऱ्या कागदाच्या घडीत दोन्ही हिरे ठेवून हातभर अंतरावरून पाहायला सांगितले, तेव्हा दोघींनीही फारसा विचार न करता डावीकडचा हिरा निवडला. तो एसआय १ होता आणि त्याचा कट ‘एक्सलंट’ होता. उजवीकडचा व्हीव्हीएस २ होता, पण त्याचा कट केवळ ‘गुड’ होता. नंतर डावीकडचा हिरा चिमट्यात उलटा धरून मुलीच्या हाती भिंग दिले. गर्डलजवळ, म्हणजे हिऱ्याच्या कमरेच्या कडेशी, असलेला पांढरा ठिपका तिला सापडायला दोन-तीन मिनिटे लागली. हिरा सुलटा केल्यावर तो ठिपका पैलूंच्या लखलखाटात पुन्हा हरवला, आणि तो नेमका कुठे आहे हे माहीत असूनही तिला दाखवता येईना.

याचा अर्थ कोणताही एसआय हिरा डोळे मिटून घ्यावा, असा मुळीच नाही. ही श्रेणी फार रुंद आहे. खूण कडेला आणि पांढरी असेल, तर ती कोंदणाच्या नखीखाली झाकूनही जाते. तीच काळी असून टेबलच्या, म्हणजे वरच्या मोठ्या सपाट पैलूच्या, मधोमध असेल, तर नजर पुन्हा पुन्हा तिथेच जाते. प्रयोगशाळेच्या सर्टिफिकेटवर आराखडा असेल, तर त्यात ही जागा दाखवलेली असते, ती पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. एसआय २ बाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्टिफिकेटच्या शेऱ्यांत श्रेणी ‘आराखड्यात न दाखवलेल्या क्लाउड’वरून ठरवल्याचे लिहिले असेल, तर हिऱ्यात बारीक कणांचा ढग पसरलेला असण्याची आणि त्यामुळे तो धुरकट दिसण्याची शक्यता असते. असा हिरा मी माझ्या घरी घेणार नाही. एमराल्ड कटसारख्या लांब, सपाट पायऱ्यांच्या पैलूंतून आतले खिडकीतून पाहावे तसे दिसते, म्हणून तिथे व्हीएस १ च्या खाली उतरू नये. गोल हिरा एक कॅरेटच्या वर गेला, तर व्हीएस २ हे सुरक्षित ठिकाण आहे. त्याहून लहान गोल हिऱ्याला, स्वतः पाहून निवडलेला, एसआय १ पुरतो.

काळा पडण्याची आणि तडकण्याची भीती या संदेशात सर्वांत जास्त रंगवलेली आहे. हिऱ्यातील स्फटिक किंवा भेग अंगावर घातल्याने वाढत नाही, आणि तो जमिनीखाली दीडशेहून अधिक किलोमीटर खोलवर, प्रचंड दाबाखाली, कोट्यवधी वर्षांपूर्वी घडलेला असल्याने आपल्या स्वयंपाकघरातल्या उष्णतेने त्याचे काही बिघडत नाही. मग दागिना मंद का दिसू लागतो? हिऱ्याच्या पृष्ठभागाला तेलकटपणा पटकन चिकटतो. केसांचे तेल, साबणाचा थर आणि फोडणीचा धूर खालच्या पैलूंवर साचला, की प्रकाश परतायचा थांबतो. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने मागची बाजू घासली, की हिरा पूर्ववत होतो, आणि हे व्हीव्हीएसलाही तितकेच लागू आहे. तडकण्याच्या भीतीत मात्र थोडे तथ्य आहे. हिरा कठीण असला, तरी ठरावीक दिशांनी तो दुभंगू शकतो, त्यामुळे गर्डलपाशी पृष्ठभागापर्यंत आलेली मोठी भेग टाळलीच पाहिजे. तसेच काही हिऱ्यांच्या भेगा काचेसारख्या द्रव्याने भरलेल्या असतात, आणि दुरुस्तीच्या वेळी सोनाराच्या ज्योतीखाली तो भराव बिघडतो. काळे पडण्याची कथा बहुधा अशाच हिऱ्यांवरून पसरली असावी. तो दोष भरावाचा असतो, एसआय श्रेणीचा नव्हे, आणि जीआयए तर भेगा भरलेल्या हिऱ्याला श्रेणीच देत नाही.

अशुभाचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण आमच्याकडे येणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मनात ती शंका खरोखर असते. रत्नपरीक्षेची आपली परंपरा जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत काकपद, मक्षिका, केश असे हिऱ्याचे दोष सांगितले आहेत, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी, माशीसारखी किंवा केसासारखी दिसणारी खूण. पण त्या काळी दहापट भिंग नव्हते. जे दोष डोळ्यांना दिसत, तेच त्या परीक्षकांनी दोष मानले. त्यांच्याच कसोटीने पाहिले, तर डोळ्यांना स्वच्छ दिसणारा एसआय १ किंवा व्हीएस २ हिरा निर्दोष ठरतो. कन्नड बोलणारे आमचे शेजारी हिऱ्याला आजही वज्रच म्हणतात, आणि त्यांच्या घरांतील आजीच्या काळची वज्राची कर्णभूषणे मी भिंगाखाली पाहिली आहेत. त्यांतील अनेक खडे आजच्या एसआयमध्ये किंवा त्याखालीही बसतील. ती तीन-तीन पिढ्यांनी कौतुकाने मिरवली आहेत.

सोन्यासारखा पैसा परत मिळतो, हे विधान सर्वांत नुकसानकारक आहे. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो आणि तोच भाव बेळगावात, कोल्हापूरच्या गुजरीत किंवा हुबळीत थोड्याफार फरकाने मिळतो. हिऱ्याला असा जाहीर भाव नाही. ज्या दुकानातून घेतला, तेच दुकान आपल्या नियमांप्रमाणे घट धरून परत घेते, आणि खरेदीच्या वेळी भरलेला ३ टक्के जीएसटी व घडणावळ कोणी परत देत नाही. अडचणीच्या वेळी दागिना बँकेत किंवा पतसंस्थेत तारण ठेवला, तर फक्त सोन्याचे निव्वळ वजन धरले जाते, हिरा व्हीव्हीएस असो की एसआय. एक कॅरेटच्या सुमाराला, बाकी सारे सारखे असताना, व्हीव्हीएस १ आणि एसआय १ यांच्या किमतीत बहुधा दीडपटीच्या आसपास अंतर असते. जास्तीची दिलेली ती रक्कम कोणालाही न दिसणाऱ्या गोष्टीसाठी जाते. ती चांगल्या कटवर खर्च करावी, किंवा सोन्याचे वजन वाढवावे, म्हणजे अडीअडचणीला तरी उपयोगी पडेल. वजनाच्या बाबतीतही अशीच बचत होते. ९५ सेंटचा हिरा एक कॅरेटच्या हिऱ्याहून रुंदीला जेमतेम एक दशांश मिलिमीटर लहान असतो, पण पूर्ण आकड्यापाशी कॅरेटमागचा दरच चढतो.

हॉलमार्क असला की हिऱ्याची चिंता नाही, हे संदेशातील शेवटचे वाक्य सरळ चूक आहे. एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक, यासह येणारा हॉलमार्क फक्त सोन्याची शुद्धता सांगतो. हिऱ्यासाठी प्रयोगशाळेचे वेगळे सर्टिफिकेट लागते.

बारीक खड्यांचा उल्लेख संदेशात नाही, पण प्रत्यक्षात आपल्याकडे जास्त विक्री त्यांचीच होते. मंगळसूत्राच्या पेंडंटमध्ये किंवा बांगडीत बसवलेले एक-दोन सेंटचे हिरे ‘ईएफ-व्हीव्हीएस’ किंवा ‘आयजे-एसआय’ अशा ढोबळ गटांच्या दराने विकले जातात (पहिली दोन अक्षरे रंगाची, पुढची शुद्धतेची), आणि त्यांची श्रेणी एकेका खड्याची नसून साऱ्या दागिन्याची मिळून लिहिलेली असते. दीड मिलिमीटरच्या आसपासच्या त्या खड्यातील एसआय खूण जडवल्यावर कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. तिथे रंग सारखा आहे का, एखादा खडा दुधाळ दिसतो का, आणि नख्या ओढणीच्या धाग्यात अडकतात का, एवढे पाहावे, आणि व्हीव्हीएसचा दर सांगितला गेला, तर ‘जीएच-व्हीएस’ किंवा एसआयमध्ये तोच दागिना दाखवा, असे निःसंकोच म्हणावे.