दोन उपग्रहचित्रांवरून किनारा मोजता येत नाही

कोकणातल्या ग्रुपांवर एक मजकूर सतत फिरतो आहे. त्याचा आशय असा: जीआयएसचे, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचे आणि मोजण्याचे, सॉफ्टवेअर आता कालबाह्य झाले, ब्राउझर उघडा, दोन सालांची उपग्रहचित्रे शेजारी ठेवा, समुद्राने किती जमीन खाल्ली ते मोजा, बागेची हद्द काढा, सगळे घरबसल्या, अचूक, फुकट. किनाऱ्यालगत ज्यांची घरे आहेत ते हे वाचून घाबरतात, म्हणून एकेक विधान तपासतो.

‘संगणकावर काही टाकायला नको.’ हे बरेचसे खरे आहे. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेची १९७२ पासूनची चित्रे गुगल अर्थ इंजिनवर, म्हणजे उपग्रहचित्रे ब्राउझरमध्येच तपासण्याच्या गुगलच्या सेवेवर, आहेत. ती न उतरवता मंडणगडपासून बांद्यापर्यंतचा पट्टा साध्या लॅपटॉपवरून चाळता येतो. एका माणसाला हे पूर्वी शक्यच नव्हते.

‘दोन चित्रे ठेवा आणि किनारा मोजा.’ हे साफ चूक. ज्याची चित्रे फुकट मिळतात तो युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह आपल्यावरून नेहमी सकाळी अकराच्या सुमारास जातो. भरतीची वेळ मात्र रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. म्हणजे एक चित्र उधाणाच्या भरतीचे आणि दुसरे सुकतीचे, म्हणजे ओहोटीचे, असू शकते. पुळणीचा, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याचा, उतार पन्नासाला एक असेल आणि पाणी दोन मीटर उतरले असेल, तर पाण्याची कड शंभर मीटर सरकलेली दिसते, वाळू तसूभरही न हलता! त्यात पावसाळ्यातल्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात आणि नंतर त्यातली बरीचशी परत येते. मे महिन्याची ऑक्टोबरशी तुलना केली की धूप ‘सिद्ध’ होते. जून ते सप्टेंबर तर बहुतेक चित्रांत ढगच असतात. अनेक वर्षांची, एकाच महिन्यातली, भरतीची पातळी जुळणारी चित्रे घ्यावी लागतात, आणि तरीही सेंटिनेलच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या दहा मीटरचा असतो हे विसरून चालत नाही. हे काम ब्राउझरमध्ये उत्तम होते, फक्त दोन चित्रांत होत नाही.

‘क्षेत्रफळ अचूक येते.’ साधनावर अवलंबून आहे. बहुतेक वेब नकाशे वेब मर्केटर प्रक्षेपणात असतात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट करण्याच्या अशा पद्धतीत, जिच्यात विषुववृत्तापासून दूर जाऊ तसे सगळे फुगते. रत्नागिरीच्या अक्षांशावर, १७ अंशांवर, त्यात लांबी साडेचार टक्के आणि क्षेत्रफळ नऊ टक्के फुगते. चांगली साधने पृथ्वीची वक्रता धरून हिशेब करतात. सपाट नकाशावर मोजणारी साधने दहा गुंठ्यांची कलमाची बाग जवळजवळ अकरा गुंठे दाखवतात. क्यूजीआयएस या संगणकावर टाकायच्या जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये कोकणासाठी यूटीएम ४३ उत्तर हे आपल्या पट्ट्याचे प्रक्षेपण निवडले की हा घोळ मिटतो. हद्दीचा वाद असेल तर मात्र भूमी अभिलेखची मोजणीच लागते, तिथे कुठलाच स्क्रीन पुरत नाही.

‘फुकट.’ आज आहे, पण सर्व्हर दुसऱ्याचा आहे. गुगलने फ्यूजन टेबल्स हे तक्त्यांवरून नकाशे करण्याचे साधन डिसेंबर २०१९ मध्ये बंद केले, तेव्हा त्यावर उभे असलेले नकाशेही गेले. क्यूजीआयएसही फुकट आहे, आणि जिथे मोबाइलला रेंज नाही अशा वाड्यांतही चालते. गावाचा नकाशा करणाऱ्यांनी वेबवर खुशाल दाखवावा, पण मूळ फाइल गावातल्या संगणकावर ठेवावी आणि प्रत्येक चित्राची तारीख, वेळ आणि त्या वेळची भरती तिच्यातच नोंदवावी.