वरून हुकूम आणवण्याची रीत

एखादं काम मनात आहे, पण ते उघडपणे केलं तर लोक तोंडात शेण घालतील, पोलीस बेड्या घालतील आणि घरची म्हातारी ताट वाढणार नाही, अशी तुमची अडचण असेल तर काम सोडू नका. फक्त सांगणारा बदला. 'मला वाटलं म्हणून केलं' म्हणणारा गुन्हेगार ठरतो. 'मला सांगितलं गेलं' म्हणणारा भक्त ठरतो, आणि भक्ताच्या पाया पडायला रांग लागते.

क्रम मात्र नीट पाळा. आधी काम ठरवायचं, मग देव. नवशिके इथेच घोटाळा करतात. ते आधी देवाचं ऐकायला बसतात. डोळे मिटून शांत बसलं की फार गैरसोयीच्या गोष्टी ऐकू येतात: बहिणीचा वाटा देऊन टाक, गड्याची मजुरी थकली आहे, बांध तीन फूट कोरलास तो पूर्ववत कर. असा आवाज आला तर तो देवाचा नसतो. रात्री भरीत जास्त झालेलं असतं. कोमट पाणी प्या आणि कुशी बदलून झोपा.

आता हुकूम आणवायचा कसा? सगळ्यांत स्वस्त पडतो तो दृष्टांत. साक्षीदार लागत नाही, साहित्य लागत नाही, पहाटेची वेळ सांगितली की पुरे. अंगात येण्याला जरा खर्च आहे. संबळ हवा, मळवट हवा, केस मोकळे सोडायला घरातली एखादी बाई हवी. पण परिणाम चांगला, कारण घुमणाऱ्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही. कोकणात आणि गोव्यात असाल तर कौलाची सोय आहे. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या नाहीतर तांदूळ लावायचे आणि उजवीकडचं पडतं की डावीकडचं ते बघायचं. साधी माणसं त्यावर लग्न, पेरणी, हरवलेली म्हैस असले प्रश्न विचारतात. त्यांना या साधनाची ताकदच कळलेली नाही. डावा पडला तर निराश होऊ नका. गाऱ्हाणं पुन्हा घाला, प्रश्न फिरवून विचारा. देवही दमतो. कधीतरी उजवा देतोच.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न: हुकूम कुणाच्या अंगावर पडणार? तुमच्या अंगावर पडत असेल तर तो हुकूम नव्हे, ती पीडा. तिची शांत करून घ्यावी. हुकूम तो, जो दुसऱ्याच्या पोरीवर पडतो.

या बाबतीत जटेइतकं तयार उदाहरण दुसरं नाही. पोरीच्या केसांत गुंता झाला, तेल नाही, पाणी नाही, फणी बसेना. वाड्यातल्या पोरीचं असं झालं तर आई फणी घेऊन बसते, अगदीच नाही तर कात्री. गावकुसाबाहेरच्या पोरीचं असं झालं की जाणती म्हणते, हात लावू नका, आई आली. मग सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन गळ्यात मोती बांधायचे, हातात परडी द्यायची, आणि पोरगी देवाला सोडली म्हणायचं. देवाला सोडलेली पोरगी पुढे कुणाकुणाकडे जाते हे गावाला ठाऊक असतं, पण तिथवर आईने चौकशी केल्याचं ऐकिवात नाही. या देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई सरकारने १९३४ मध्ये कायदा केला, कर्नाटकाने १९८२ मध्ये, महाराष्ट्राने पुन्हा २००५ मध्ये. इतक्या वेळा बंद करावी लागली यावरून प्रथेची तब्येत किती ठणठणीत होती ते बघा.

आणि ही आई कोण? यल्लम्मा, म्हणजे रेणुका. नवऱ्याने हुकूम दिला आणि पोटच्या पोराने जिची मान उडवली ती. वरून आलेल्या हुकमाने बाईचं काय होतं हे तिच्याइतकं स्वर्गात कुणाला ठाऊक नसेल. हुकूम सोडायला नेमकं तिचंच नाव निवडणाऱ्याच्या बुद्धीला दाद दिली पाहिजे. तिला पाच मुलगे होते. आधी थोरल्या चौघांना सांगून पाहिलं, ते हलले नाहीत. बापाच्या शापाने बिचारे जड होऊन बसले. पाचव्याने परशू उचलला. त्याची देवळं चिपळूणपासून पुढे सगळीकडे आहेत. त्या चौघांचं एखादं देऊळ तुमच्या पाहण्यात आहे का? मग करिअर म्हणून काय निवडावं हे मी वेगळं सांगायला नको.

हुकूम आपल्याच घरावर आला तर काय, ही शंका रास्त आहे. त्यावर ऐतरेय ब्राह्मणात उत्तम तोडगा दिलेला आहे. राजा हरिश्चंद्राला मूल नव्हतं. वरुणाला म्हणाला, मुलगा दे, त्याचाच बळी देतो. मुलगा झाला, रोहित. वरुण वसुलीला आला. राजा म्हणाला, दहा दिवस होऊ देत, त्याआधी पशू यज्ञाला चालत नाही. दहा दिवस झाले. म्हणाला, दात येऊ देत. दात आले. म्हणाला, पडू देत. पडले. पुन्हा येऊ देत. आले. आता क्षत्रियाचं पोर आहे, चिलखत घालण्याजोगं होऊ दे. बँकेचे हप्ते चुकवणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. तोवर पोरगं मोठं झालं, धनुष्य घेऊन रानात निघून गेलं, आणि राजाला जलोदर झाला.

रानात रोहितला अजीगर्त नावाचा ऋषी भेटला. उपाशी, आणि तीन मुलगे. रोहित म्हणाला, शंभर गाई देतो, एक मुलगा द्या. बाप म्हणाला, थोरला माझा. आई म्हणाली, धाकटा माझा. उरला मधला, शुनःशेप. वरुणाला बदली चालेल का विचारलं. वरुण म्हणाला, चालेल की, क्षत्रियापेक्षा ब्राह्मण बराच. देवाचा हुकूम अटळ असतो म्हणतात तो हाच. फक्त नाव खोडून दुसरं घालता येतं, आणि ज्याच्याकडे गाई असतात त्याला ते घालता येतं.

पुढचं अजून सरस आहे. यज्ञात पोराला खांबाला बांधायला कुणी पुढे येईना. एवढे मोठमोठे ऋत्विज, मंत्र सगळ्यांना पाठ, पण दोरी कुणी हातात घेईना. अजीगर्त म्हणाला, आणखी शंभर गाई द्या, मी बांधतो. बांधलं. मग कापायला कुणी होईना. अजीगर्त म्हणाला, आणखी शंभर द्या. दिल्या, आणि तो सुरीला धार लावत आला. पोराने तेव्हा देवांचा धावा केला, पाश गळून पडले, राजाचं पोटही उतरलं. हुकूम देणारा देव तोच, सोडवणाराही तोच, फाईल बंद. बाप हात जोडून म्हणाला, बाळा, परत ये. पोरगं म्हणालं, तुझ्या हातात सुरी सगळ्यांनी पाहिली. माझ्यापेक्षा तुला तीनशे गाई जास्त वाटल्या. आणि ते विश्वामित्राचं दत्तक जाऊन बसलं. आजकालची मुलं असं म्हणतो आपण, पण हा उद्धटपणा फार जुना आहे.

इथे चिलया बाळाचा दाखला कुणीतरी देणारच. श्रियाळाच्या घरी आलेल्या अतिथीने पोराचंच मांस मागितलं, चांगुणेने डोळ्यांतून टिपूस न काढता उखळात मस्तक कांडलं, आणि हाक मारल्यावर बाळ धावत आलं. दाखला जरूर द्या, ओव्या म्हणून दाखवा, बायकांना रडवा. हाक मारायची पाळी येईल तेव्हा मात्र तिथून निघालेलं बरं. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतला गुप्तधनाच्या आशेने बायका आणि पोरी मारल्या गेल्या. पिंपळावरच्या मुंजाला रक्त हवं होतं म्हणे. धन निघालं नाही, पोरींमधली एकही धावत आली नाही. मुंजाला कोर्टाचं समन्स गेल्याचंही कुठे वाचलं नाही. हीच तर या रीतीची खुबी आहे: मूळ आदेश देणारा कधी सापडत नाही.

कधीमधी एखादा मास्तर किंवा कॉलेजातलं पोरगं विचारतं: गोष्ट चांगली आहे म्हणून देव सांगतो, की देवाने सांगितली म्हणून ती चांगली होते? सावध राहा, हा प्रश्न इसवी सनापूर्वी ३९९ सालच्या अथेन्समधला आहे. सॉक्रेटिसने तो युथिफ्रो नावाच्या गृहस्थाला कोर्टाच्या दारात विचारला, असं प्लेटो लिहितो. लोक प्रश्न लक्षात ठेवतात आणि त्यामागचा खटला विसरतात. युथिफ्रोच्या बापाच्या शेतावर एका मजुराने दारूच्या नशेत गुलामाला मारलं. बापाने मजुराचे हातपाय बांधले, खड्ड्यात टाकला आणि काय करावं हे विचारायला अथेन्सच्या धर्माधिकाऱ्याकडे माणूस पाठवला. शेत नॅक्सॉस बेटावर, मधे समुद्र. माणूस परतायच्या आत मजूर उपासाने आणि गारठ्याने मेला. पाहा, किती धर्मभीरू बाप. शास्त्रार्थ झाल्याशिवाय माणसाला पाणी पाजायचं नाही! पुढे बापावर खटला भरायला निघालेला मुलगाही दाखला देतो तो झ्यूसचा, ज्याने स्वतःच्या बापाला बेड्या घातल्या. घरातल्या कुणालाच खड्ड्याकडे बघून काही ठरवता आलं नाही. तुम्हीही बघू नका. प्रश्न विचारणाऱ्याला एवढंच सांगा की श्रद्धेचा विषय आहे, आमच्या भावना दुखावल्या. सॉक्रेटिसला शेवटी विष प्यावं लागलं, हेही हळूच सुचवा.

कायद्याची थोडी कटकट आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५४ आहे, पूर्वीचं ५०८. देवाचा कोप होईल अशी भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेतलं तर एक वर्षापर्यंत कैद. शिवाय महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, सहा महिने ते सात वर्षं. हा कायदा वर्षानुवर्षं विधिमंडळात लोंबकळत होता. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि काही दिवसांतच अध्यादेश निघाला. सरकारला दृष्टांत व्हायला इतका वेळ लागतो, आणि एवढा बळी.

तरीही पकडले गेलात तर वकील एकच विचारेल: आवाज खरंच ऐकू आला होता का? आला म्हणालात तर कलम २२, वेडेपणाचा बचाव, डॉक्टरांची तपासणी, बहुधा येरवड्याचं मनोरुग्णालय. नाही म्हणालात तर खून, फसवणूक, जे काय असेल ते. 'आवाज खरा होता आणि मी शहाणा आहे' असा रकाना त्या कागदावर नाही. ही उणीव कुणीतरी आमदारांच्या कानावर घालायला हवी.

शेवटची एक अडचण सांगून ठेवतो. ही रीत तुमच्या शेजाऱ्यालाही येते. उद्या पहाटे त्याला दृष्टांत होईल की तुमची विहीर त्याची आहे, आणि तुमच्या धाकट्याच्या पायगुणाने त्याची म्हैस आटली आहे, तेव्हा त्याचं काहीतरी केलं पाहिजे. तुम्ही धावत पोलीस ठाण्यात जाल. हवालदार विचारेल, पण देवाने सांगितलंय म्हणतो तो, त्याचं काय? आणि तुम्ही टेबलावर हात आपटून म्हणाल, 'अहो साहेब, देव असं सांगेल का कधी? लेकराला मारायला?'

म्हणा, पण आवाज खाली ठेवा. बाहेर व्हरांड्यात तुमचीच माणसं बसलेली असतात, परवा तुमच्या हुकमावरून दुसऱ्याच्या दारात गेलेली.