युरियाला घाबरायचं की बुरशीला? कट्ट्यावरचा राडा

पक्यानं काल परत तोच फॉरवर्ड टाकला, डब्ल्यूएचओच्या नावावर खपवलेला, भेसळीच्या दुधामुळे २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कॅन्सर वगैरे. असला इशारा दिलाच नाही हे कधीचं जाहीर झालंय, पण फिरतोय आपला.

विन्या डेअरीच्या लॅबमध्ये असतो, तो उखडलाच. "एफएसएसएआयनं, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१८ ला देशभरातून ६,४३२ नमुने घेतले, युरिया-डिटर्जंटवाली भेसळ निघाली १२."

"१२ टक्के?"

"टक्के नाय रे, १२ नमुने! आणि अफ्लाटॉक्सिन एम१, म्हणजे बुरशीचं विष, मर्यादेच्या वर निघालं ३६८ मध्ये. बुरशी लागलेली पेंड नायतर मका जनावरानं खाल्ला की ते दुधात उतरतं. त्याचा फॉरवर्ड कुणी टाकत नाय."

मन्या मधेच, "त्याच सर्व्हेत ४१ टक्के नमुने क्वालिटीत नापास होते, फॅट नायतर एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) कमी, त्याला सेफ म्हणायचं का तुम्ही?" तर विन्याचं म्हणणं, पातळ दूध आणि विषारी दूध एका मापात मोजायचं नाही. १९५४ च्या भेसळविरोधी कायद्यात गाईच्या दुधाचं एसएनएफ ८.५ टक्क्यांऐवजी ८.३ लागलं तरी भेसळच ठरायची, आणि शिक्षा सहसा सहा महिन्यांपासून पुढे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं, म्हणजे २०११ ला तो लागू झाल्यावर, असुरक्षित वेगळं न् निकृष्ट वेगळं केलं, निकृष्टला ५ लाखांपर्यंत दंड. मला हे पटतं, उन्हाळ्यात गाईचं एसएनएफ असंही उतरतं, त्यासाठी माणूस आत टाकायचा? पण मन्याचंही खरंय, पाण्याला दुधाचा भाव आपणच देतो ना.

मग पक्याला जोर आला. "अफ्लाटॉक्सिनचं लिमिट युरोपात किलोला ०.०५ मायक्रोग्रॅम, आपल्याकडे ०.५. आपला जीव दहापट स्वस्त काय?"

विन्या म्हणे, २००१ ला डब्ल्यूएचओ आणि एफएओच्या तज्ज्ञांनी हेच दोन आकडे शेजारी ठेवून हिशोब केला, लोक दूध किती पितात, हिपॅटायटिस बी (लिव्हरचा आजार, त्यात हा धोका वाढतो) किती जणांना आहे, आणि लिव्हर कॅन्सरच्या धोक्यात फरक अगदीच किरकोळ निघाला. मी म्हटलं, ठीकाय, पण हा हिशोब सरासरीचा, दोन वर्षांचं पोरगं दिवसभर दुधावरच असतं त्याचं काय? यावर विन्या म्हणाला, म्हणूनच आधी पेंड तपासा, पेंड सुधारली की दूध आपोआप सुधारतं.

"जाऊ दे," पक्या म्हणाला, "मी तर चांगलं तीनदा उकळूनच पितो."

"अरे उकळून ते जात नाय म्हणून तर बोंबलतोय मघापासून!"