सडा चढत नाहीत, टाकतात

गेल्या शनिवारी कोथरूडला मला कळलं की मी लिहिलेलं गाणं मी चुकीचं गातो.

कार्यक्रम एका ज्येष्ठ नागरिक संघाचा होता. वेळ संध्याकाळी साडेपाचची, म्हणजे लोक पाचलाच येऊन बसलेले. माझ्याकडे तुणतुणं, मित्राकडे ढोलकी. निवेदिकाबाईंना मी कागदावर लिहून दिलं होतं, ठळक अक्षरात, खाली रेघ मारून: ‘गीत व संगीत स्वतःचे’. त्यांनी कागद बघितला, चष्मा वर केला आणि माइकवर गोड आवाजात म्हणाल्या, “आता ऐकू या एक पारंपरिक लोकगीत.”

याची सवय आहे मला. लोकसंगीताच्या बाजात स्वतःची गाणी लिहिणाऱ्या माणसाला महाराष्ट्रात वेगळा कप्पाच नाही. भावगीत लिहिलं की तुम्ही कवी. तेच तुणतुण्यावर गायलं की ते आपोआप दोनशे वर्षांपूर्वीचं होतं आणि तुम्ही कुठल्यातरी म्हातारीकडून ते उतरवून आणलेलं असतं. मी काही म्हणालो नाही. तार खुंटीला जरा पिळली आणि सुरू केलं.

गाणं माझ्या आईचं आहे. म्हणजे लिहिलंय मी, पण आहे तिचं. आमचं गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. खाली गावात मोबाईलला रेंज नाही. रेंज येते ती वर सड्यावर. आमच्याकडे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठाराला सडा म्हणतात. आई आठवड्यातून दोनदा पाऊण तास चढून वर जाते आणि मला फोन करते. बोलणं एवढंच होतं, “जेवलास का?” तेवढ्यात वारा येतो आणि पुढचं ऐकू येत नाही. त्यावर हे गाणं:

सडा चढते मी बाई, हातामंदी गं फोन
लेकाच्या आवाजाला तिथं वाट दावी कोण
रेंज न्हाई गं गावात, रेंज न्हाई गं दारात
लेक बोलतो पुण्यातून सड्यावरच्या वाऱ्यात

टाळ्या बऱ्या पडल्या. दुसऱ्या रांगेतले एक काका मात्र टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी हात वर केला होता, शाळेत करतात तसा, तर्जनी ताठ. अंगात बाह्या दुमडलेला पांढरा सदरा, खिशात दोन पेनं. दोन पेनंवाल्या माणसाला मी घाबरतो. एक लिहायला असतं, दुसरं दुरुस्तीला.

“गाणं चांगलं आहे,” काका म्हणाले, “पण तुम्ही चुकीचं गाताय.”

“कुठे चुकलो?” मला वाटलं सूर.

“शब्द. हे आमच्या आजीचं गाणं आहे. लहानपणी ऐकलंय मी.”

मी हसलो. आजूबाजूचे मात्र हसले नाहीत. त्यांनी खुर्च्या काकांकडे वळवल्या.

“काका, हे गाणं मी मागच्या मेमध्ये लिहिलंय.”

“तुम्हाला तसं वाटत असेल,” काका समजूतदारपणे म्हणाले. “ऐकलेलं कुठेतरी आत राहतं. पण बघा, ‘सडा चढते’ ही चूक. सडा चढत नाहीत. सडा टाकतात. अंगणात. तुम्ही शहरातले, तुम्हाला माहीत नसणार.”

आता मी पाटणचा. काकांचं पुढे चौकशीत निघालं, जन्म नारायण पेठेत आणि सगळं आयुष्य नारायण पेठ ते कोथरूड एवढ्याच प्रवासात. मी सड्याचा अर्थ सांगू लागलो, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, “अहो, सडा-रांगोळी म्हणतात ना, तो सडा.” काकांनी त्यांच्याकडे बघून मान डोलावली. साक्षीदार मिळाला होता.

“आणि हातात फोन?” मी शेवटचं हत्यार काढलं. “तुमच्या आजींकडे फोन होता?”

“फोन नाही हो. शेण. ‘सडा टाकते मी बाई, हातामंदी गं शेण.’ सडा कशाचा टाकतात?”

“काका, शेण आणि कोण यमक जुळत नाही.”

“अडाणी बायका होत्या त्या. त्यांना कुठलं यमक?”

इथे मला खरंच राग आला. माझं गाणं चोरलं तर चोरा, पण हे वाक्य मला पचत नाही. जात्यावर बसलेल्या बाईचं यमक चुकत नाही. जात्याचा खुंटा फिरतो त्या वेढ्यात ते पडतंच. याच पुण्यात राहून हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी गावोगाव माणसं जोडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातलं मला सर्वांत आवडतं ते हे की ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव लिहून ठेवलंय. नुसतं ‘पारंपरिक’ लिहून मोकळं होणं सोपं होतं. हे सगळं मला काकांना ऐकवायचं होतं, पण ते पुढच्या ओळीवर गेले होते.

“आता तिसरी ओळ. ‘रेंज’ काय हो? आजी म्हणायची ‘रांजण’. ‘रांजण न्हाई गं गावात, रांजण न्हाई गं दारात.’ अंगणात सडा टाकला, हातात शेण, दारात रांजण नाही. कसं, चित्र उभं राहतं की नाही?”

राहत होतं, हीच तर पंचाईत. सगळ्या सभागृहासमोर एक भल्या पहाटेचं अंगण उभं राहिलं आणि माझी आई फोन घेऊन त्याच्या बाहेर. निवेदिकाबाई कागदावर काहीतरी लिहून घेत होत्या. माझा ढोलकीवाला मित्र, ज्याने हे गाणं माझ्या खोलीत माझ्यासमोर जन्मताना पाहिलंय, तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “तू आधी कुठे ऐकलं नव्हतंस ना रे?”

आपल्या जुन्या लोकांनी याचा बंदोबस्त करून ठेवला होता. तुकोबा शेवटच्या ओळीत ‘तुका म्हणे’ घालतात, जनाबाई स्वतःला ‘नामयाची जनी’ म्हणवतात, एकनाथांनी तर ‘एका जनार्दनी’ करून गुरूचीही सही घेतली. पठ्ठे बापूराव, मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, लावणीत स्वतःचं नाव गुंफायचे. मला वाटायचं ही नम्रता, भक्ती वगैरे. आता कळतं, त्यांच्याही कार्यक्रमाला दुसऱ्या रांगेत दोन लेखण्यांवाले काका असणार. अर्थात नाव घालूनही उपयोग किती? सालोमालो नावाच्या गृहस्थाने तुकोबांच्या अभंगांतून तुकोबांचं नाव काढून स्वतःचं घातलं, असं सांगतात. म्हणजे हा धंदाही पारंपरिकच.

शेवटी मी काकांना चिडून विचारलं, “बरं, समजा रांजण. मग रांजणाचा आणि लेकाच्या आवाजाचा काय संबंध?”

काका थोडा वेळ गप्प बसले. खिशातलं एक पेन काढून परत ठेवलं.

“आमचे वडील शिकायला पुण्यात, आजी गावाला,” ते म्हणाले. “दारात पाण्याचा रांजण होता. उन्हाळ्यात तो रिकामा असायचा. आजी त्यात तोंड घालून वडिलांच्या नावाने हाक मारायची. आवाज घुमतो ना रांजणात. तिला वाटायचं, तो ओ देतोय. मग रांजण फुटला.”

सभागृहात कुणी खोकलंही नाही. मी तुणतुण्याची तार उगाच तपासली. हे काकांना खरंच आठवत होतं की तिथल्या तिथे सुचत होतं, मला आजही सांगता येणार नाही. एवढं मात्र कळलं, की ते माझ्या ओळीपेक्षा चांगलं होतं. त्या माणसाचा मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल.

खालच्या मजल्यावर खजिनदारांनी पाकीट दिलं. ठरले होते पाच हजार, निघाले तीन. मी विचारलं तर म्हणाले, “गाणी पारंपरिक आहेत ना? मग गीतकाराचं मानधन त्यात धरत नाही आम्ही.” आणि शाल दिली. शाल मिळतेच. माझ्याकडे सव्वीस शाली आहेत. धायरीच्या खोलीत मी त्या खिडकीला आणि दाराला एकावर एक ठोकल्या आहेत आणि आत बसून कच्चं रेकॉर्डिंग करतो. सत्कारांनी ध्वनिरोधक झालेली अशी दुसरी खोली पुण्यात नसेल. शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी मात्र सव्वीस शालींतूनही येते. त्यासाठी अजून दहाएक कार्यक्रम करावे लागतील.

आता तुम्ही म्हणाल, दोन हजारांसाठी एवढं काय. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी चौदा दिवसांत अकरा गावं केली. एसटीने, पाठीवर ढोलकी आणि मांडीवर तुणतुणं. तुणतुणं म्हणजे एक पोकळ भांडं, तळाला कातडं, एक काठी, एक तार. प्रवासात लोकांना ते दुधाचं माप वाटतं. एकाने बारा रुपयांचं सुटं दूध मागितलं होतं. त्या अकरा गावांत एकदाही कुणी विचारलं नाही की गाणं कुणाचं. जत्रेत कुणी विचारत नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही, तिथे लोक नाचतात, पैसे ताटात टाकतात, हिशोब मिटतो. पुण्यात मात्र लोकांना सगळं माहीत असतं. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कुणाला सहजी लिहून घेता येत नाही. सगळं आहे. फक्त गाणं तुमचं आहे हे दुसऱ्या रांगेला मान्य व्हावं लागतं. माझ्या खोलीचं भाडं भरताना मी घरमालकांना कधी ‘पारंपरिक’ म्हणून पाहिलेलं नाही. एकदा म्हणून बघायला हवं.

मंगळवारी स्टुडिओ होता. नऱ्ह्याला एका इमारतीच्या तळघरात, तासाला आठशे रुपये. तीन तास घेतले होते, त्यातला पहिला तास तुणतुण्यातच गेला. रेकॉर्डिस्ट पोरगा हुशार, पण त्याला तुणतुण्याचा खरखरीत आवाज ‘नॉइज’ वाटतो आणि तो काढून टाकायला बघतो. मी त्याला म्हटलं, अरे, तो काढलास तर उरतं काय? मग क्लिक, म्हणजे लय सुटू नये म्हणून हेडफोनमध्ये वाजवतात तो ठोका. कानात टिक टिक टिक, आणि आपली चाल त्या टिकटिकीच्या जरा मागे रेंगाळणारी. आई सडा चढते ती काय टिकटिकीवर चढते? मध्ये थांबते, कमरेवर हात ठेवते. शेवटी क्लिक बंद केला.

पहिला टेक गेला. दुसऱ्यात खोकला. तिसऱ्यात वरून पाण्याची मोटर सुरू झाली. चौथ्यात मी डोळे मिटून गायलो आणि तिसऱ्या ओळीत तोंडातून निघालं:

रेंज न्हाई गं गावात, रांजण न्हाई गं दारात

मी थांबलोच. काचेपलीकडून पोरगा हात हलवत होता, चालू ठेवा, चालू ठेवा. बाहेर आल्यावर म्हणाला, “दादा, हाच टेक ठेवू. ती रांजणाची ओळ आधी नव्हती का? भारी आहे.”

मी म्हटलं, हो.

रात्री फॉर्म भरायला बसलो. गाणं इंटरनेटवर चढवण्याआधी रकाने भरावे लागतात: गायक, संगीतकार, गीतकार. गायक मी. संगीतकार मी. गीतकारापाशी बोट अडलं. माझं नाव टाकलं, मग पुसलं, मग परत टाकलं. अर्धी ओळ माझी नाही हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे काकांना कधीच कळलं नसतं. चांगला अर्धा तास मी या दुसऱ्या मुद्द्यावर विचार केला. मग फोन लावला. नंबर होताच, काकांनी कार्यक्रमानंतर स्वतःहून दिला होता आणि तेव्हापासून रोज सकाळी मला सूर्योदय पाठवत होते.

“काका, ती रांजणाची ओळ मी घेतलीये. गीतकारात तुमच्या आजींचं नाव घालू का माझ्यासोबत?”

“अरे वा! घाला की!” काका एकदम खूश.

“नाव काय त्यांचं?”

“आजीचं?”

“हो.”

पलीकडे शांतता. मग लांबून आवाज आला, “अगं, आपल्या आजीचं नाव काय गं?” त्यावर काकूंचं काहीतरी उत्तर. मग कपाट उघडल्याचा आवाज, कागद चाळल्याचा. मी थांबून राहिलो. तीन-चार मिनिटांनी काका परत आले.

“सगळे माईच म्हणायचे तिला,” ते म्हणाले. आवाज जरा बसलेला. “कागदावर कुठे दिसत नाही. वडिलांच्या दाखल्यावर आजोबांचं आहे... तुम्ही असं करा. पारंपरिक लिहा.”

“बरं.”

“आणि ते ‘सडा चढते’ तेवढं बदला हो.”