एक्सवेलँडला कुबडी म्हणणं पटलं नाही

लिनक्समध्ये अ‍ॅप्सच्या विंडो स्क्रीनवर दाखवायची जुनी पद्धत एक्स११, नवी वेलँड, आणि जुनी अ‍ॅप्स नव्यावर चालवून देतो तो एक्सवेलँड. त्याला लेखात ‘तात्पुरती कुबडी’ म्हटलंय ते अजिबात पटलं नाही. एक्स११ १९८७ पासून चालत आलंय, त्यावर लिहिलेली एवढी सॉफ्टवेअर्स आता नव्याने कोण लिहीत बसणार? आणि एक्सवेलँड म्हणजे काही नक्कल नाहीये, तो खराखुरा एक्स सर्व्हरच (एक्सच्या अ‍ॅप्सच्या विंडो सांभाळणारा प्रोग्रॅम) आहे, फक्त स्क्रीन आणि माऊस-कीबोर्ड स्वतःच्या ताब्यात न घेता वेलँड कंपोझिटरचा, म्हणजे सगळ्या विंडो एकत्र करून स्क्रीनवर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा, क्लायंट म्हणून चालतो, २०१४ च्या एक्स.ऑर्ग सर्व्हर (एक्स११ चा नेहमीचा सर्व्हर) १.१६ पासून त्याच्या मुख्य कोडमध्येच आहे. वाइन, प्रोटॉनवरचे (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारी साधनं) बहुतेक गेम्स आजही त्याच्याच जिवावर चालतात.

मर्यादा आहेत, मान्य. एक्सआइज (माऊसकडे बघत राहणाऱ्या डोळ्यांचं छोटंसं एक्स अ‍ॅप) उघडून बघा, माऊस वेलँडच्या विंडोवर गेला की डोळे जागच्या जागी थांबतात, कारण एक्सच्या अ‍ॅपला बाहेरचं काही कळतच नाही. सुरक्षेसाठी हे मुद्दाम तसं ठेवलंय, पण त्यापायीच जुन्या अ‍ॅप्समधलं स्क्रीन शेअरिंग अडतं. १२५ टक्के स्केलिंगवर (स्क्रीनवरचं सगळं तेवढं मोठं केलं की) या अ‍ॅप्समधली अक्षरं धूसर होतात त्याचा मात्र खरंच वैताग येतो, केडीईने आपल्या प्लाझ्मा डेस्कटॉपच्या ५.२६ आवृत्तीत अ‍ॅपलाच स्वतः स्केल होऊ द्यायचा पर्याय दिला, तसा प्रत्येक डेस्कटॉपने द्यायलाच हवा.